दुसरं पाणी

यंदा कोजागरीला गच्चीवर दूध आटवलं तेव्हा ताई कठड्याशी बसली होती. केशर, चारोळ्या, वेलची, पातेल्यात उतरलेला चंद्र, सगळं दरवर्षीसारखंच. फक्त ताईच्या हातात दुधाचा पेला नव्हता. श्रावणात डॉक्टरांनी तिचं दूध बंद केलं. बहात्तराव्या वर्षी पोटाला ते सोसेनासं झालंय. म्हणून तिच्यासाठी खालून कोरा चहा करून आणला होता. तिनं एक घोट घेतला, डोळे किंचित मिटले आणि पेला कठड्यावर ठेवला. "राहू दे रे. औषध म्हणून घेईन नंतर," म्हणाली.

तो चहा मीच केला होता. घरातली नेहमीची ममरी, नेहमीसारखी खळखळून उकळलेली, फक्त दूध न घातलेली. गेली पंचवीस वर्षं मी चहा आवडीनं, निरनिराळ्या बागांचा, वहीत नोंदी करत पितो आहे. आणि जिच्या हातचा चहा आयुष्यात पहिल्यांदा प्यालो, तिच्या हातात मी हा पेला दिला. मला फार वाईट वाटलं. भाऊबीज सतरा दिवसांवर होती. ताईला मनापासून आवडेल असा कोरा चहा शोधायचा आणि ओवाळणी म्हणून तोच तिच्या तबकात घालायचा, हे मी त्या चांदण्यात ठरवून टाकलं.

'कोरा' हा आपल्या भाषेतला किती चांगला शब्द आहे. कोरं कापड, कोरी पाटी, कोरा कागद. कुणाचा हात न लागलेलं, पुढं जे उमटेल त्यासाठी जागा राखून ठेवलेलं. चहाला जोडला की मात्र हाच शब्द उणिवेचा होतो. दूध नासलं, रतीब आला नाही, घरात कुणाला ताप आहे, म्हणून कोरा चहा. कोकणात गुळाचा कोरा चहा हौसेनं पितात, हे खरं. पण डोंबिवलीच्या पश्चिमेला विष्णुनगरातल्या आमच्या चाळीत कोरा चहा दिसला की महिनाअखेर आली हे शेजारच्यालाही कळायचं.

चहाला आपल्या घरात शिरायलाही सोपं गेलं नाही. इथून ठाकुर्ली ओलांडली की कल्याण. त्या कल्याणच्या पोस्टात एके काळी नोकरीला असलेले गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घडवून आणलेलं चहाचं प्रकरण मराठी माणसाला ठाऊक आहे. मिशनच्या बंगल्यात चहाबिस्किटं पुढं आली, कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. पुढं नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. एका कपानं माणूस वाळीत पडू शकत होता! पुढच्या दोन पिढ्यांत तोच चहा उंबऱ्याच्या आत आला आणि आल्यागेल्याचं स्वागत त्याच्यावाचून होईना. आला तो मात्र दूध, साखर, आलं, गवती चहा यांचा हात धरून. पान एकटं असं आपण कधी चाखलंच नाही.

त्याला यंत्राचाही हातभार लागला. आसामात १९३० च्या सुमारास विल्यम मॅककर्चर यांनी चहाचं पान चिरडून, फाडून, त्याचे गोल दाणे करणारं यंत्र आणलं. या पद्धतीला सीटीसी म्हणतात. आपली ममरी ती हीच. पानाची एकेक पेशी फुटलेली असल्यामुळे दाणा आधणात पडताच रंग, कडवटपणा, तुरटपणा सगळं एकदम सोडतो. दुधातलं केसिन या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, त्यांची धार बोथट करतं, आणि मग उरतो तो तरतरी आणणारा, जिभेवर जाड बसणारा आपला चहा. ममरी दुधासाठीच बनलेली आहे आणि तिच्या जागी ती उत्तम आहे. दूध काढून घेतलं की तिची सगळी धार उघडी पडते. ताईनं कठड्यावर ठेवलेला पेला तसा होता.

अख्ख्या पानाचा काळा चहा निराळ्या चालीनं बनतो. त्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात. दोन पानं आणि एक कळी खुडायची, रात्रभर पसरून कोमेजू द्यायची, मग यंत्राखाली अशी वळायची की पान तुटणार नाही पण त्याचा रस बाहेर येईल. हा रस हवेला भेटला की पान तांबूस होऊ लागतं. केळफूल किंवा वांगं चिरून पाण्यात टाकायला उशीर झाला की काळं पडतं, तीच ही क्रिया. स्वयंपाकघरात आपण ती थांबवायला धडपडतो. चहाचा कारागीर तिच्याजवळ बसून राहतो, वासावर लक्ष ठेवतो, आणि नेमक्या क्षणी पान गरम हवेत घालून ती थांबवतो. त्या अवधीत पानातली तुरट द्रव्यं बदलतात. काहींची थिआफ्लेविनं होतात, ती चहाला सोनेरी चमक आणि जिभेला चटका देतात. काहींची थिआरुबिजिनं होतात, ती तांबडा रंग आणि भरीवपणा देतात. थोडं आधी थांबलं तर चहा हिरवट, उशीर झाला तर मातकट.

आता ताईसाठी यातला कुठला?

कुणासाठी चहा निवडताना 'सर्वांत चांगला कुठला' असं विचारून काही हाती लागत नाही. किमती चहा नावडता निघू शकतो. आधी त्या माणसाची जीभ वाचावी लागते. आणि इथं आपली भाषा अडते. चहाबद्दल बोलायला आपल्याकडे कडक, गोड, पाणचट, फक्कड एवढेच शब्द. पण जेवणाबद्दल बोलायला केवढे! खमंग, खरपूस, करपट, उग्र, मवाळ, तुरट, आंबूस, दरवळ, घमघमाट. मी वर्षानुवर्षं माझ्या वहीत हेच शब्द चहासाठी वापरत आलोय आणि ते चपखल बसतात.

त्यातला सर्वांत मोलाचा शब्द तुरट. सहा रसांतला हा शेवटचा, कषाय. आपण त्याला चव म्हणतो, पण खरं तर तो स्पर्श आहे. चहातली तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, जिभेवरचा ओशट थर क्षणभर निघून जातो, आणि जीभ धुऊन वाळत घातलेल्या सुती कापडासारखी होते. आवळा खाऊन पाणी प्यालं की जे गोड लागतं, त्याच्या आधीचा तो क्षण. दूध न घातलेल्या चहात हा तुरटपणाच कणा असतो. कुणाला तो ठसठशीत लागतो, कुणाला नुसता निसटता. तेवढं ओळखलं की अर्धी निवड झाली.

मग मी ताईची जीभ आठवत बसलो. तिच्या हातची थालीपिठाची भाजणी: प्रत्येक धान्य निराळं भाजलेलं, धने शेवटी, खरपूस पण कुठंही करपट नाही. तिची नाचणीची आंबील. साखरेपेक्षा गुळाकडे असलेला तिचा ओढा. पुरणात गूळ, खिरीत गूळ. भाकरीचा पापुद्रा जरा जास्त शेकलेला. याशिवाय काही बारीकसारीक गोष्टी वहीच्या कडेला लिहिल्या: जेवणानंतर आवळकाठी, मे महिन्यात गावाहून येणारी करवंदं, कैरी कापताना सालीजवळचा तुकडा, कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलेली सुकी बकुळ. मोगरा तिला डोक्यात जातो. बकुळ चालते.

एवढं झाल्यावर मी चार चहा समोर मांडले.

पहिला आसामचा, उन्हाळ्याच्या बहराचा. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातलं हे रुंद पानाचं झाड तिथलंच. सिंगफो लोक ते आधीपासून वापरत होते. रॉबर्ट ब्रूस यांना ते दिसलं १८२३ मध्ये. मे-जूनमध्ये खुडलेल्या पानांत सोनेरी टोकं चमकतात आणि चहाला जो वास येतो त्याला जाणकार 'माल्टी' म्हणतात. हा शब्द परका वाटायचं कारण नाही. मोड आणून, वाळवून, भाजलेल्या धान्याचा वास म्हणजे माल्ट, आणि नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरात तो पिढ्यानपिढ्या दरवळतो आहे. त्याच्या मागोमाग गुळाची चाहूल, आणि भरपूर अंग. निवल्यावर हा चहा गढुळतो, वर साय आल्यासारखा दिसतो. ते दोषाचं लक्षण नव्हे. त्यातला कस एकत्र येऊन दिसू लागतो, इतकंच.

दुसरा निलगिरीचा, कुन्नूरकडच्या उंच बागांतला, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खुडलेला. रात्री गारठा दहिवरापर्यंत जातो आणि झाडाची वाढ मंदावते; त्या मोजक्या पानांत वास साठून राहतो. चहा नितळ, लखलखीत, लिंबाच्या सालीची आणि ओल्या फुलांची झुळूक देणारा. निवला तरी गढुळत नाही, चार मिनिटं जास्त राहिला तरी रागावत नाही. गवती चहाशिवाय ज्याचा चहा होत नाही अशा माणसाला कोऱ्या चहाकडे वळवायचं असेल, तर मी पहिल्यांदा हाच पुढं करतो.

तिसरा दार्जिलिंगचा, मार्चमधल्या पहिल्या खुडणीचा. जगभर याची सर्वांत जास्त वाट पाहिली जाते. पिवळसर, हलका, हिरव्या कैरीच्या देठासारखा वास. सुंदर, पण त्याचा हिरवटपणा आपल्या जिभेला पहिल्या भेटीत कच्चा वाटतो. ताईसाठी मी तो बाजूला ठेवला.

चौथाही दार्जिलिंगचाच, मेअखेर ते जूनमधल्या दुसऱ्या बहराचा, कर्सियांगच्या बाजूच्या एका बागेतला. त्याच्याबद्दल सविस्तर पुढं लिहितो.

माझा कौल आसामला होता. नाचणी, गूळ, भाजणी, शेकलेली भाकरी. सगळ्या खुणा तिकडेच बोट दाखवत होत्या. तरी तीन चहा घेऊन मी वसुबारसेच्या आदल्या दिवशी टिळकनगरात ताईच्या घरी गेलो. सकाळीच चकलीची भाजणी भाजून झाली होती आणि घरभर तो घमघमाट होता. त्यात चहाचा वास कळणार नाही म्हणून आम्ही गॅलरीत बसलो. कुठला कुठला ते न सांगता तीन पांढऱ्या कपांत तीन चहा दिले. साखर नाही.

आसामचा घोट घेऊन ताई हसली. "छान आहे. बाबांना आवडला असता."

निलगिरीचा घेऊन म्हणाली, "किती स्वच्छ आहे. पाहुण्यांना द्यावा असा."

तिसऱ्या कपाबद्दल, म्हणजे दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंगबद्दल, ती काहीच बोलली नाही. कप दोन्ही हातांत धरून ठेवला. एक घोट, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. चहा कोमट झाला तरी तिनं तो सोडला नाही, तळापर्यंत प्याली. मग किटलीचं झाकण काढून आतल्या ओल्या पानांचा वास घेतला, उठून स्वयंपाकघरात गेली, त्याच पानांवर पुन्हा गरम पाणी घालून घेऊन आली.

"हा माझा चहा," म्हणाली.

मी विचारलं, आधी कधी प्यालीस? तेव्हा तिनं जे सांगितलं त्यातलं निम्मंच मला चौसष्ट वर्षांत माहीत होतं.

आईची सकाळची शाळा असायची, म्हणून चहा चौदाव्या वर्षापासून ताईकडे. अर्धा लिटर दूध आणि सहा माणसं. आजी, बाबा, आई, आम्ही दोघं धाकटे, एवढ्यांचे कप भरले की पातेल्यात चोथा उरायचा आणि दूध संपलेलं असायचं. बाबा गाडी पकडायला धावायचे, आम्ही शाळेत, आजी देवळात. मग ताई त्या चोथ्यावर थोडं आधण ओतायची, झाकण ठेवायची आणि गाळून खिडकीत बसून प्यायची. कोरा, पातळ, तांबूस. आम्हाला पुढं कधीतरी हे कळलं आणि आम्ही त्याची हळहळ करत आलो: ताईच्या वाटणीला नेहमी चोथ्याचं पाणी आलं.

"दूध पुरायचं नाही म्हणून सुरू झालं, ते खरंच," ती म्हणाली. "पण मग गोडी लागली रे. त्या चहाला दुधाचा वास नसायचा. पानाचा यायचा. आणि घरात कुणी नसायचं. तो कप माझा होता."

मला आठवली ती वहीच्या कडेला लिहिलेली यादी. आवळकाठी, करवंदं, कैरीच्या सालीचा तुकडा, सुकी बकुळ. हे सगळं ती एकटी खाते, एकटी हुंगते; कुणाला वाढत नाही. भाजणी, आंबील, पुरण हे आम्हाला वाढलेलं. नाचणीची आंबील बाबांची आवडती होती. मी तिच्या हाताची चव वाचली होती, जिभेची नव्हे. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांधलं, त्याची आवड त्यानं इतरांच्या पानात वाढलेल्या पदार्थांत शोधून सापडत नाही. त्याच्या कनवटीला, कपाटात, कामं उरकल्यावरच्या अर्ध्या तासात शोधावी लागते. ताईच्या वाटणीला शेवटचं आलं हा अन्याय होता, तो तसाच राहतो. पण त्या शेवटच्यातून तिनं स्वतःची एक चव घडवली, हेही तितकंच खरं, आणि त्या चवीचा मान राखणं माझ्या हातात होतं.

आता त्या चहाकडे येतो.

दार्जिलिंगच्या उतारांवर पहिली रोपं लावली डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी, १८४१ मध्ये. झाड चिनी जातीचं, बारीक पानाचं, थंडी सोसणारं. आज तिथं सत्त्याऐंशी बागा मानल्या जातात, आणि भारतात भौगोलिक मानांकन पहिल्यांदा मिळालं ते याच चहाला, २००४ मध्ये. मेअखेर, पाऊस सुरू व्हायच्या आधी, बागांवर तुडतुडे आणि फुलकिडे उतरतात. विदर्भातल्या कापूसकऱ्याला ही नावं ऐकून धडकी भरेल. इथं मात्र बागवान त्यांची वाट पाहतो. कीड कोवळ्या पानाचा रस शोषते, पान आखडतं, कडा तांबूस होतात, आणि झाड स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करू लागतं. जखमी झालेल्या त्या पानातूनच दुसऱ्या बहराचा प्रसिद्ध वास येतो. त्याला मस्कटेल म्हणतात, मस्कट जातीच्या द्राक्षावरून. पण मला तो वास पहिल्यांदा आला तेव्हा तासगावकडची बेदाण्याची शेड आठवली. ओलं द्राक्ष नाही आणि कोरडा बेदाणाही नाही. त्यामधल्या दिवसांतला, गोडाला थोडं ऊन लागलेला वास.

कोरडं पान हातात घ्यावं. तपकिरी, जांभळट, मध्येच एखादं चंदेरी टोक. प्रत्येक पान निराळं वळलेलं. वास जेमतेम, जुन्या लाकडी पेटीचा. त्यावर गरम पाणी पडलं की तीन मिनिटांत पान उलगडतं, आणि झाकण उचलताच जो वास येतो त्यात बेदाणा असतो, धने असतात, गुलाबाची दूरची आठवण असते. ही नुसती कल्पना नव्हे. या चहाच्या वासात लिनॅलूल आणि जिरॅनिऑल ही द्रव्यं ठळक असतात. धन्याचा वास मुख्यतः लिनॅलूलचा, आणि जिरॅनिऑल गुलाबात असतं. ताईला मोगरा नको, बकुळ हवी, याचं उत्तर मला इथं मिळालं. मोगरा अंगावर येतो. हा वास बकुळीसारखा, जवळ जाणाऱ्यालाच भेटतो आणि सुकल्यावर जास्त बोलतो.

चहाचा रंग तांब्याच्या नव्या भांड्यासारखा. पहिल्या घोटात तो जवळजवळ काहीच सांगत नाही. मग जिभेच्या कडांना तुरटपणा लागतो, करवंदाच्या सालीइतका, पण करवंदाचा चीक नाही. गिळल्यावर घशाशी गोडवा उमटतो आणि तो बराच वेळ राहतो, आवळ्यावर पाणी प्यायल्यासारखा. निवताना हा चहा आणखी उघडतो. उकळता असताना नाक भाजतं आणि वास कळत नाही. कोमट झाला की बेदाणा पुढं येतो. ताईनं तो निवू दिला, ती सवय खिडकीतल्या अर्ध्या तासाची होती.

आणि दुसरं पाणी. ममरीत कस पहिल्याच आधणात संपतो, चोथ्यात रंगाखेरीज फारसं उरत नाही. तरी ताईनं त्यातूनही पानाचा वास शोधला होता. अख्खं पान मात्र हळू सोडतं. पहिल्या पाण्यात तुरट द्रव्यं आणि कॅफीन यांचा मोठा वाटा निघून जातो, म्हणून दुसरं पाणी मवाळ येतं. त्यात धार नसते, तरतरी कमी असते, आणि जे पहिल्या वेळी गर्दीत मागं उभं होतं ते पुढं येतं: ओल्या लाकडाचा, सुक्या फुलाचा, किंचित मधाचा वास. पहिलं पाणी कौतुक करून घेतं, दुसरं सोबत करतं. जी गोष्ट ताईला वर्षानुवर्षं उरलेली म्हणून मिळाली, ती या चहात मुळातच ठेवलेली आहे. म्हणून ओवाळणीला हाच.

ज्यांना आपल्या माणसासाठी असा चहा निवडायचा आहे, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. पाकिटावर बागेचं नाव, वर्ष आणि खुडणीचा हंगाम असेल तोच घ्यावा. नुसतं 'दार्जिलिंग' पुरेसं नाही. एफटीजीएफओपी अशी लांबलचक अक्षरं पानाचा आकार आणि टोकांचं प्रमाण सांगतात, चव नव्हे. त्यातल्या 'ऑरेंज पेको'चा संत्र्याशी संबंध नाही. पेको हा मूळ चिनी शब्द, कळीवरच्या पांढऱ्या लवीसाठीचा. आधी पन्नास-पन्नास ग्रॅमच आणावेत, दोन-तीन निराळे, आणि नावं न सांगता समोर ठेवावेत. 'आवडला का?' असं विचारू नये; आपलं माणूस आपलं मन राखायला हो म्हणतं. कप कुठला रिकामा होतो ते पाहावं.

करताना दीडशे मिलिलिटरच्या कपाला अडीच ग्रॅम पान, म्हणजे सैलसर भरलेला मोठा चमचा. दार्जिलिंग गावात, सुमारे दोन हजार मीटरवर, पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. आपल्याकडे समुद्राजवळ शंभराला. म्हणून आधण उतरवून मिनिटभर थांबावं, मग पानांवर ओतावं. झाकण ठेवावं, तीन मिनिटं, आणि सगळं पाणी गाळून घ्यावं. पानं पाण्यात पडून राहिली की चहा कडू होतो. दुसऱ्या पाण्याला पाच मिनिटं. पानं उकळायची नाहीत, हे मराठी हाताला शिकवावं लागतं. आसामला मात्र उकळतं पाणी आणि चार मिनिटं चालतात. साठवायला घट्ट झाकणाचा डबा, मसाल्याच्या कपाटापासून लांब. चहा वास ओढून घेतो, आणि हिंगाशेजारी ठेवलेलं दार्जिलिंग आठवड्यात हिंगाचं होतं. डोंबिवलीच्या पावसाळ्यात डबा उगाच उघडत बसू नये.

भाऊबीजेला सकाळी फडके रोडवरून टिळकनगराकडे गेलो. दिवाळीची तरुण गर्दी ओसरली होती, रस्त्यावर रांगोळीचे रंग सांडलेले होते. ताईनं पाट मांडला, कणकेचे दिवे लावले, सुपारी आणि अंगठीनं ओवाळलं. मी तबकात पाकीट ठेवलं आणि त्याच्याशेजारी चहाचा छोटा पितळी डबा. तिनं डबा उघडून वास घेतला आणि झाकण लावून देवाजवळ ठेवला. संध्याकाळी काढू म्हणाली.

संध्याकाळी तिनं स्वतः चहा केला. आधण उतरवून ठेवलं, घड्याळाकडे पाहत तीन मिनिटं थांबली, आणि पहिलं पाणी माझ्या कपात ओतलं, पूर्ण, काठोकाठ. हात त्याच सवयीनं चालला होता. मी तिचा कप पुढं केला आणि माझ्यातला अर्धा त्यात ओतला. तिनं पाहिलं, काही बोलली नाही. आम्ही तो प्यायलो. खाली मुलं फटाके लावत होती.

मग ती उठली, त्याच पानांवर पुन्हा गरम पाणी घातलं, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी दुसरं पाणी गाळताना तिनं दोन कप घेतले.